फोन रिसेट करण्याआधी तुम्ही काय काय काढून ठेवलंत?

चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुट्टीत गोव्यात घरोघरी हे काम निघतंच. मुंबई-पुण्याहून आलेला भाचा हाती लागला की थोरली माणसं फोन पुढे करतात, "बघ रे जरा, फार अडकतो." भाचा दोन मिनिटं बोटं फिरवतो आणि म्हणतो, रिसेट मारूया, म्हणजे सगळं पुसून फोन कोरा करूया. "फोटो तर गूगलवर आहेत ना?" "आहेत." झालं, मारला. फोन पहिल्यासारखा पळायला लागतो आणि आठवड्याभरात एकेक आठवायला लागतं. गॅसवाल्याचा नंबर कुठे गेला, मास्तरांनी पाठवलेलं भजन कुठे गेलं.

म्हणून हा धागा. रिसेटच्या आधी तुम्ही काय काढून ठेवलं, कुठे ठेवलं आणि ऐनवेळी काय निसटत होतं ते लिहा. कोरडी यादी नको, घडलेलं सांगा. दुकानवाल्यांनीही लिहावं. कंपनीचं किंवा दुकानाचं नाव घेऊन भांडण मात्र नको.

डिचोली, मोबाईल दुरुस्ती

आधी माझ्याच धंद्याविरुद्ध बोलतो. रिसेटसाठी येणाऱ्या बऱ्याच फोनांना रिसेटची गरजच नसते. स्टोरेज काठोकाठ भरलेलं असतं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपांतले व्हिडिओ आणि शुभ सकाळ काढून टाकलं की फोन सुधारतो. पावसाळ्यात तर चार्ज होत नाही म्हणून रिसेट मागणारेही येतात. पोर्टमध्ये ओल धरलेली असते, रिसेट तिला काय करणार? आणि तो फोन कृपा करून तांदळात पुरू नका. तांदळाचा कण पोर्टात अडकला की तो काढायचं काम वेगळं.

खरंच रिसेट करायचा असेल तर मी पहिल्यांदा गूगलचा ईमेल आणि पासवर्ड विचारतो. निम्म्यांचे चेहरे इथेच पडतात. अकाउंट फोन विकत घेताना दुकानातल्या पोराने उघडून दिलेलं असतं आणि पासवर्ड त्या पोरालाच ठाऊक! २०१५ साली आलेल्या अँड्रॉइड ५.१ पासून अशी सोय आहे की बटणं दाबून, म्हणजे रिकव्हरीतून रिसेट मारला तर फोन पुन्हा सुरू होताना आधीचंच गूगल अकाउंट मागतो. केलंय चोरांसाठी, अडकतात घरचेच. त्यामुळे फोन उघडत असेल तर सेटिंगमध्ये जाऊनच रिसेट करावा. पासवर्ड नुकताच बदलला असेल तर एक दिवस थांबावं, कारण नवा पासवर्ड सगळीकडे पोचायला वेळ लागतो.

रिसेट झाल्यावर "गेलेले फोटो काढून द्या" म्हणून येणाऱ्यांना मी पैसे न घेता परत पाठवतो. आताच्या फोनांत सगळा डेटा एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा असतो आणि रिसेटमध्ये त्याची किल्लीच नष्ट होते. नेटवर "सगळं परत मिळवा" म्हणणारी सॉफ्टवेअरं दिसतात, त्यांना पैसे देऊ नका.

फोंडा, निवृत्त शिक्षिका

माझ्या सासूबाई पंचक्रोशीत ढालोसाठी, म्हणजे बायका फेर धरून गातात त्या गाण्यांसाठी ओळखल्या जात. पौषात मांडावर (ढालोच्या ठरलेल्या जागी) त्यांचा आवाज लागला की बाकीच्या बायकांना नुसती साथ धरायची असे. वय झाल्यावर त्यांना मांडावर जाणं जमेना, तेव्हा दुपारच्या वेळी ओसरीवर बसवून मी त्यांची गाणी फोनवर घेत असे. कधी ओळ विसरायच्या, मग हाताने ठेका धरून पुन्हा पहिल्यापासून. मागे कावळे, पंखा, शेजारचा मिक्सर, सगळं त्यात आहे.

फोन अगदीच अडकायला लागला तेव्हा मुलाने रिसेटची तयारी केली. गूगल फोटोजमध्ये बॅकअप पूर्ण झाल्याची खूण दिसत होती. मी विचारलं, आजीची गाणी? तो म्हणाला, असतील की त्यातच. शोधली तर एकही नाही. कारण साधं आहे. गूगल फोटोज फोटो आणि व्हिडिओ घेतं, नुसता आवाज घेत नाही. ती सगळी रेकॉर्डरच्या फोल्डरमध्ये "व्हॉइस ००१", "व्हॉइस ००२" अशी पडून होती.

मग केबलने संगणकावर घ्यायची ठरली, तर संगणकाला फोन दिसेचना. नुसता चार्ज होत होता. आधी वाटलं संगणक बिघडला. पण घरात पडलेल्या पुष्कळशा केबली चार्जिंगपुरत्याच असतात, डेटा नेणारी तार त्यांत नसतेच. फोनबरोबर आलेली मूळ केबल कपाटात सापडली. ती लावून वरून खाली येणाऱ्या सूचनेत "फाइल ट्रान्सफर" निवडलं, तेव्हा फोल्डर उघडला.

फाइली उतरवून मुलगा उठणार, तर मी त्याला बसवून ठेवलं. म्हटलं, एकेक वाजवून बघ. वाजल्या सगळ्या. पण "व्हॉइस ०१७" म्हणजे कुठलं गाणं हे पुढे कोणाला कळणार? सासूबाई तेव्हा होत्या. त्यांना शेजारी बसवलं, दोन ओळी वाजल्या की त्या नाव सांगायच्या आणि मी टंकायची. एका गाण्याला म्हणाल्या, "हें म्हजें न्हय, हें वयल्या वाड्यावयल्यांचें." (हे माझं नव्हे, वरच्या वाड्यावरच्यांचं.) तेही नावात लिहिलं. एक प्रत संगणकावर, एक पेनड्राइव्हवर नणंदेकडे सावर्ड्याला. रिसेट त्यानंतर.

पर्वरी, आयटीत नोकरी

ताईंचं वाचून हात थांबला होता. आता माझा रुक्ष मजकूर.

घोळ बहुतेक वेळा व्हॉट्सॲपचा होतो, कारण लोक ते पान अर्धंच वाचतात. चॅट बॅकअप उघडलं की शेवटच्या बॅकअपपाशी दोन नोंदी दिसतात. एक फोनमधल्या बॅकअपची, तिच्यापुढे रात्रीचे दोन. दुसरी गूगलवरच्या बॅकअपची. मावशी मला अभिमानाने पहिली नोंद दाखवत होती, "आज दोनचाच आहे बघ." तो दोनचा बॅकअप फोनच्याच पोटात असतो. रिसेटबरोबर तोही जातो. दुसऱ्या नोंदीपुढे तिच्या फोनवर काहीच नव्हतं.

गूगलवरची जागा फुकटात १५ जीबी, त्यात जीमेल आणि फोटोही आले. पूर्वी अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअप त्यात मोजत नसत. २०२३ च्या अखेरीपासून तो टप्प्याटप्प्याने मोजायला लागले, आणि फोटोंची अमर्याद फुकट साठवण तर १ जून २०२१ पासूनच बंद आहे. त्यामुळे वर्षानुवर्षं आपोआप होणारा बॅकअप जागा संपली म्हणून गपचूप थांबलेला असू शकतो. तारीख बघा. व्हिडिओंचं बटण वेगळं आहे, ते सहसा बंदच असतं. आणि एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप चालू केला असेल तर त्याचा पासवर्ड किंवा ६४ अक्षरांची किल्ली कागदावर हवीच. ती हरवली तर व्हॉट्सॲपवालेसुद्धा तो बॅकअप उघडू शकत नाहीत. परत आणताना तोच नंबर, तेच गूगल अकाउंट.

सत्तरीत मामांकडे नेटवर्क म्हणजे अंगणाच्या एका कोपऱ्यातली गोष्ट. तिथे गूगलवर काही चढवायचा प्रयत्नच केला नाही. फोनमधला व्हॉट्सॲपचा अख्खा फोल्डर लॅपटॉपवर घेतला (अँड्रॉइड, मग मीडिया, त्यात सापडतो), रिसेट झाल्यावर त्याच जागी परत ठेवला आणि त्यानंतरच व्हॉट्सॲप टाकून नंबर दिला. त्याने स्वतःच विचारलं, जुना बॅकअप सापडला, घेऊ का? हा क्रम उलटा झाला तर पंचाईत होते.

पेडणे, गृहिणी

माझं छोटंसं. नंबर कुठे साठवलेत ते बघा. फोन, सिम, गूगल अशा तीन जागा असतात. आमच्या आईचे पोदेर (पाववाला), नुस्तेकार्न (मासेवाली), भटजी, सगळे "फोन"मध्ये. कॉन्टॅक्टच्या सेटिंगमधून एक्सपोर्ट केलं की एकच व्हीसीएफ फाइल होते, ती मी स्वतःला ईमेल केली. सिमवर ढकलू नका, तिथे जागा कमी आणि लांब नावं तुटतात.

वास्को, बोटीवर नोकरी

आमच्यासारख्या तारवट्यांसाठी (बोटीवर काम करणाऱ्यांसाठी) लिहितो. बोटीवर असताना फोन कितीही रडला तरी रिसेट करू नका. यूपीआय ॲप पुन्हा सुरू करताना तुमच्या सिमवरून एसएमएस जावा लागतो, त्याशिवाय ॲप त्या फोनला ओळखत नाही. भर समुद्रात भारतीय सिमला रेंज कुठली? पैसे खात्यात सुरक्षित असतात, पण घरी पाठवायचे कसे? माझ्या केबिनमेटचा महिना त्यात गेला.

दुसरं असं की गूगलमध्ये परत शिरताना ते विचारतं, "तुमच्या फोनवर सूचना पाठवली आहे, हो म्हणा." कुठल्या फोनवर? जो आत्ता पुसला त्यावर! म्हणून गूगलच्या सुरक्षा सेटिंगमधून बॅकअप कोड काढून ठेवतो. दहा कोड मिळतात, प्रत्येक आठ आकडी, एक कोड एकदाच चालतो. माझा कागद सीडीसीच्या (खलाशाच्या नोंदपुस्तकाच्या) पाकिटात असतो. ऑथेंटिकेटर (लॉगिनचे कोड देणारं ॲप) वापरत असाल तर तेही बघा. गूगलच्या ऑथेंटिकेटरला क्लाउडची सोय एप्रिल २०२३ मध्ये आली, पण त्यात अकाउंटने साइन-इन केलेलं असेल तरच. नाहीतर क्यूआरने दुसऱ्या फोनवर नेऊन ठेवायचं.

ई-सिमवाल्यांनी (सिमकार्डाऐवजी फोनमध्येच सिम असलेल्यांनी) रिसेटच्या पानावरचा चौकोन वाचावा. ई-सिमही पुसू का असं तिथे विचारतात.

साखळी

मेमरी कार्डाबद्दल कोणीच लिहिलं नाही. "कार्ड काढून ठेवलं की झालं" हे नेहमी खरं नसतं. काही अँड्रॉइड फोनांत कार्ड "इंटर्नल स्टोरेज" म्हणून फॉरमॅट करता येतं. अँड्रॉइड ६ पासूनची सोय आहे ही. तसं केलेलं कार्ड एन्क्रिप्ट होतं आणि त्याच फोनवर उघडतं. फोन रिसेट झाला की किल्ली गेली, कार्ड हातात असून वाचता येत नाही. भावाच्या लग्नाचे फोटो असे एका कार्डावर होते. संगणकात घालून बघितल्यावर "फॉरमॅट करू का" असं आलं, तिथे शंका आली आणि रिसेटआधीच फोनमधून सगळं लॅपटॉपवर घेतलं.

मडगाव

सगळं वाचवायचा एवढा अट्टहास कशाला, हा माझा प्रश्न. माझ्या फोनवरचे निम्मे फोटो म्हणजे बिलं, पार्किंगची जागा आणि औषधाची चिठ्ठी. आधार, लायसन्स डिजीलॉकरमध्ये आहे, बँकेची स्टेटमेंटं बँकेकडे आहेत. मी निवडक फोटो आणि नंबर घेतो, बाकी जाऊ देतो. आजवर अडलं नाही.

*(पर्वरी: तुमचं अडलं नाही, पण वरच्या ताईंकडे "व्हॉइस ०१७" होतं. काय निवडक आहे ते आधी माहीत तर हवं.)*

*(मडगाव: ते मान्य. आवाजाच्या फाइली मी बघितल्याच नव्हत्या. आता बघतो.)*

म्हापसा

आयफोनवाल्यांसाठी: आयक्लाउडवर फुकट ५ जीबीच असतात, त्यात अख्खा फोन बसत नाही. मी संगणकावर बॅकअप घेते आणि "एन्क्रिप्ट" ची खूण करते. ती नसेल तर साठवलेले पासवर्ड आणि हेल्थची माहिती बॅकअपमध्ये येत नाही.

काणकोण, शिक्षक

भावोजींना जुना फोन विकायचा होता. परक्याच्या हाती घरचे फोटो नकोत म्हणून त्यांनी रिसेटच्या आधी बसून गॅलरीतले सगळे फोटो हाताने पुसले, गूगल फोटोजमधूनच. तेवढ्यात ताईच्या फोनवरून तेच अकाउंट उघडलं तर तिथेही एक फोटो नाही. घरात जो काही आरडाओरडा झाला तो लिहीत नाही.

बॅकअप म्हणतो आपण, पण ते असतं सिंक. एका ठिकाणी पुसलं की सगळीकडे पुसलं जातं. बॅकअप झालेले फोटो कचराकुंडीत ६० दिवस राहतात, तिथून सगळे परत आणले. फोन देताना फोटो हाताने पुसायचे नाहीत. अकाउंट फोनवरून काढायचं आणि मग रिसेट. फोन कोरा होतो आणि क्लाउडला धक्का लागत नाही.

कुडचडे

सगळ्यांचं वाचलं. सासऱ्यांचा फोन येत्या रविवारी रिसेट करायचा आहे. फोटो, नंबर, व्हॉट्सॲप तिन्ही झालं. पण ते म्हणतात, काही कागदपत्रांचे फोटो त्यांनी "लॉक्ड फोल्डर"मध्ये टाकलेत. गॅलरीत दिसत नाहीत. ते आपोआप येतील का?

*(डिचोली: धरून चालू नका. लॉक्ड फोल्डरचा बॅकअप वेगळा चालू करावा लागतो, नसेल केला तर रिसेटमध्ये ते फोटो जातात. सासऱ्यांनाच बोट लावून फोल्डर उघडायला सांगा, फोटो निवडून बाहेर काढा आणि ते गूगलवर चढलेत की नाही ते दुसऱ्या फोनवर बघा. सॅमसंग असेल तर "सिक्युअर फोल्डर"ही बघा, ती वेगळी जागा आहे. आणि रविवारी लाइट जाणार असेल तर आदल्या दिवशीच उरकून घ्या.)*

*(कुडचडे: सॅमसंगच आहे. दोन्हीकडे बघते. पासवर्डही विचारला, तो म्हणे धाकट्या दिराला माहीत आहे. त्याला फोन लावते आधी.)*