मॅज गिलसारखं मांजरपाटावर शाईकाम: कापड कसं तयार करायचं?

रेघोट्या
लंडनच्या चित्रकार मॅज गिलची (१८८२–१९६१) मांजरपाटावरची चित्रं काही ठिकाणी १० मीटरहून लांब आहेत, तीही काळ्या रेघांनी गच्च भरलेली. कोऱ्या मांजरपाटावर टाकाची रेघ लगेच फुटते. कापडाला काय लावायचं? आणि एवढं लांब कापड बाई घरात पसरायच्या कुठे?

टाक_दौत
शाई सुताच्या दिशेनं धावते, म्हणून रेघ फुटते. आधी गिरणीची खळ काढा: गरम पाणी आणि थोडा धुण्याचा सोडा घालून दोनदा धुवा. ती खळ सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे एकीकडे शाई बसते, वीतभर पुढे पसरते.
मग १ लिटर पाण्याला २० ग्रॅम जिलेटिन. गार पाण्यात फुगवा, नंतर कोमट करून विरघळवा; उकळू नका, चिकटपणा जातो. कापड ताणून रुंद ब्रशनं एक हात, वाळल्यावर दुसरा. थर जाड झाला तर शाई आत मुरत नाही, वरच राहते आणि गुंडाळताना तडकते. कडेच्या चिंधीवर रेघ ओढून बघाच.
शाई कार्बनची घ्या, रंगीत शाया उजेडानं उडतात. लाखेची जलरोधक शाई फाउंटन पेनात घालू नका, पेन तुंबतो. अणकुचीदार निब सुतात अडकून शिंतोडे उडवते. जरा गोल टोकाची बरी.

ईस्टहॅम
पसरायच्याच नाहीत. थोडं उलगडायचं, भरायचं, गुंडाळायचं. त्यामुळे प्रमाण जुळवायची भानगडच नाही. बायकांचे चेहरे कोरे, फिकट सोडलेले आणि भोवती पायऱ्या, चौकटी, जाळ्या. त्या कोऱ्या जागेवर पडलेला थेंब निघत नाही, म्हणून हाताखाली कागद ठेवा.
१९१८च्या फ्लूच्या साथीत गिलबाईंचा मुलगा गेला, पुढच्या वर्षी मुलगी मृत जन्मली, त्या आजारपणात डावा डोळा गेला. १९२०मध्ये चित्रं सुरू झाली, बहुतेक रात्रीची. ती आपली नसून ‘मिर्निनेरेस्ट’ या आत्म्याची, असं म्हणून विकायला नकार. त्यांना ‘जगापासून लपलेली’ चित्रकार म्हणतात, पण ते जरा अतीच. १९३२पासून लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीच्या प्रदर्शनांत त्यांची चित्रं लागत होती. मृत्यूनंतर मोठा साठा पूर्व लंडनमधल्या न्यूहॅमच्या नगरपालिकेकडे गेला.

रेघोट्या
धन्यवाद दोघांनाही. मग रूळ केवढा घ्यावा? बारीक काठी चालेल?

टाक_दौत
नको, घड्या पडतील. निदान १० सेंटिमीटर व्यासाची नळी घ्या. काम संपल्यावर साठवताना चित्राची बाजू बाहेर ठेवा. आत ठेवली की शाईचा थर आवळून सुरकुततो. मध्ये आम्लमुक्त टिश्यू घाला. भरीव काळे भाग पूर्ण एक रात्र वाळू द्या, पावसाळ्यात दोन. घाई केली तर पुढच्या वेढ्यावर उलटा छाप उठतो, आणि जिलेटिन पाण्यानं सुटतं, म्हणजे तो धुऊनही काढता येत नाही.