हजार फुटांचं घर इंदुरात किती जणांना, किती दिवस काम देतं?

सुदामानगर_२०बाय५०
बजेट आलं की ‘घरबांधणीतून रोजगार’ हे वाक्य ठरलेलं. मला तो आकडा एका घरापुरता, मोजून हवा आहे. २० बाय ५० चा प्लॉट, त्यावर २० बाय २५ चं घर, तळमजला आणि पहिला मजला मिळून १००० चौरस फूट. आरसीसी फ्रेम, विटांच्या भिंती, मध्यम फिनिशिंग. खर्च फुटाला १८०० धरून १८ लाख.

साइटवर किती मजूर-दिवस लागतात? १८ लाखांतले शहरात किती राहतात? आणि एनसीएईआर या आर्थिक संशोधन संस्थेच्या २०१४ च्या अहवालातलं ‘घरबांधणीत एक लाख गुंतवले की २.६९ रोजगार’ हे कसं वाचायचं? त्या हिशेबाने या एका घरातून ४८ रोजगार निघतात. ते काही पटत नाही.

मोजवही
आधी मजूर-दिवस. साधारण ७०० निघतील. फुटामागे ०.७ हा आकडा लक्षात ठेवला तरी पुरे, पण तो येतो कुठून ते बघा.

वीटकामापासून सुरुवात करू, कारण तिथे मोजणी सोपी. २० बाय २५ चा घेर ९० फूट, उंची १०, म्हणजे ९०० चौरस फूट. दारं, खिडक्या, बीम वजा करून ७६५ उरतात. नऊ इंची भिंतीला फुटामागे नऊ-साडेनऊ विटा. आतल्या साडेचार इंची भिंती ४० फूट लांबीच्या धरा, त्यांना निम्म्या विटा. दोन मजल्यांना मिळून पावणेअठरा हजार, वर पॅरापेट (गच्चीचा कठडा) आणि तुटफूट, म्हणून १९ हजार मागवा. मिस्त्री दिवसाला सरासरी ५०० विटा लावतो. तेव्हा ३८ मिस्त्री-दिवस आणि त्याच्या दीडपट बेलदार (हाताखालचे मजूर), मिळून ९५.

प्लास्टर यापेक्षा जास्त खातं, हे नवख्यांना खरं वाटत नाही. बाहेरच्या भिंतींच्या दोन्ही बाजू, आतल्यांच्या दोन्ही बाजू आणि छत मिळून ५४०० फूट होतात. मिस्त्रीचे दिवसाला १०० फूट, त्यात परांची बांधायला आणि माल चढवायला माणसं, मिळून १२०. भिंत ओळंब्यात नसली की १२ मिलिमीटरचं प्लास्टर २० वर जातं, सिमेंट-रेती दीडपट आणि दिवसही वाढतात. ठेका फुटाच्या दराने असेल तर ते दिवस मिस्त्रीच्या अंगावर बसतात, मालकाला दिसतसुद्धा नाहीत.

काँक्रीट ३१ घनमीटर, मिक्सर लावून घनमीटरला तीन माणसं: ९०. सेंट्रिंग (काँक्रीटचे साचे आणि टेकू) ६०, पावणेचार टन सरिया (लोखंडी सळ्या) कापून-वाकवून-बांधून ४५. खोदाई आणि भराव ४०, हाताने केली तर. टाइल ५५, पुट्टी-रंग ६०, वीज ३५, नळकाम ३०, सुतार आणि लोखंडी जाळ्यांवाला मिळून ४०. ही बेरीज ६७०. पाणी मारणं, हमाली, सफाई यांचे तीसेक. चौकीदार यात नाही.

वर्षाला ३०० दिवस काम मिळतं असं धरलं तर ७०० दिवस म्हणजे सव्वादोन माणसांचं वर्षभराचं काम. पण ते सव्वादोन माणसांना मिळत नाही. चाळीस-पन्नास वेगवेगळ्या हातांना चार, आठ, वीस दिवस असं तुकड्यांनी मिळतं. तुमचे ४८ इथे योगायोगाने जुळतात, पण तो अहवालाचा अर्थ नव्हे.

लोहामंडीचा_वाटसरू
पैशाच्या वाटेबद्दल. सोयीसाठी मिस्त्री ८०० आणि बेलदार ५०० रोज धरा. ३०० कुशल, ४०० अकुशल दिवस, म्हणजे ४ लाख ४० हजार. एकूण खर्चाचा चौथा हिस्सा. तोही सगळा शहरात राहत नाही. झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानीकडे जाणारी बस तो घेऊन जाते, आणि तिथे तो बियाणं, खत, लग्नकार्य यांत फिरतो. हिशेब शहरापुरता केला की हे नजरेतून सुटतं.

४२५ गोण्या सिमेंट लागेल. ते नीमच किंवा मनावरकडून येतं. इंदुरात त्यातलं राहतं ते ट्रकवाल्याचं भाडं, हमाली आणि डीलरचं कमिशन. सरियाचा कच्चा माल रायपूर-भिलाई पट्ट्यातला, टाइल मोरबीची, पितळी नळ जामनगरचे, फरशी घेतलीत तर कोटा. जवळचं काय? वीट आणि गिट्टी (खडी म्हटलं तर इथे दुकानदार बघत राहतो). माळव्याचा काळा बेसाल्ट शहराबाहेरच फोडला जातो, त्यात क्रशर, डंपर, डिझेल, टायर असं सगळं इथलं. रेती नर्मदेची. पावसाळ्यात उपसा बंद असतो, म्हणून रेतीचा साठा मे महिन्यातच करावा लागतो. ज्यांनी तो केला नाही त्यांचं वीटकाम जुलैत थांबतं आणि मिस्त्री दुसऱ्या साइटवर जातो. परत येईलच असं नाही.

कराचं एक सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. करापूर्वी गोणी २८० ची धरली तर गोणीमागे २८ रुपये, ४२५ गोण्यांना ११,९००. एका मिस्त्री-बेलदार जोडीचा नऊ दिवसांचा रोज तेवढाच होतो. आणि स्वतःच्या एकट्या घराचा निव्वळ मजुरीचा ठेका, म्हणजे माल तुमचा आणि हात त्यांचे, जीएसटीतून मुक्त आहे. मालासकट ठेका दिला आणि ठेकेदार नोंदणीकृत असला की संपूर्ण रकमेवर १८ टक्के. बरेच लोक बिल हातात आल्यावर हे विचारतात.

उलटतपासणी
२.६९ हा आकडा साइटचा नाही. सिमेंट कारखाना, भट्टी, वाहतूक, दुकान अशी मागची साखळी त्यात धरलेली आहे. मजूर आपला रोज खर्च करतात तेव्हा उभं राहणारं काम धरलं तर त्याच अहवालात ४.०६ होतो. दोन चुका सगळे करतात. एक, जुन्या किमतींचा लाख आजच्या लाखाला लावतात. तेव्हाच्या लाखात जितके मजूर-दिवस येत, तितके आता येत नाहीत. दुसरी, ‘रोजगार’ म्हणजे कायमची नोकरी समजतात. घर संपलं की तो रोजगारही संपतो. पुढचं घर सुरू झालं तरच टिकतो.

पीएलएफएस या सरकारी श्रमबल सर्वेक्षणाच्या २०२२-२३ च्या पाहणीत देशातले साधारण आठांतले एक कामकरी बांधकामात होते. इतके लोक सामावतात, कारण शिकाऊ हाताला इथे पहिल्या दिवशीच काम मिळतं. पण मोजवहींचे ७०० दिवस दगडावरची रेघ नाहीत. जेसीबी आला की खोदाईचे ४० दिवस एका सकाळी संपतात. काळ्या मातीत मुरूम लागेपर्यंत खाली जायचं असतं, त्यामुळे जेसीबी आता सगळेच बोलावतात. स्लॅबला रेडीमिक्स (प्लांटमधून तयार येणारं काँक्रीट) घेतलं की पंचवीस-तीस माणसांच्या जागी दहा पुरतात. आणि टोकाचं उदाहरण इंदुरातच आहे. १ जानेवारी २०२१ ला पायाभरणी झालेल्या केंद्राच्या सहा लाइट हाउस प्रकल्पांपैकी (नव्या तंत्राने झटपट घरं) कनाडियाचा, १०२४ घरांचा. भिंती कारखान्यात तयार होणाऱ्या सँडविच पॅनेलच्या. तिथे वीटकाम नाही आणि ओलं प्लास्टरही जवळजवळ नाही, म्हणजे वरच्या यादीतले सर्वांत मोठे दोन आकडेच गळाले. काम कारखान्यात गेलं. तिथे पगार नियमित मिळतो, पण माणसं कमी लागतात आणि ती इंदूरचीच असतील असं नाही. घर लवकर हवं की हातांना काम, दोन्ही एकाच योजनेतून मागणाऱ्यांनी हे आधी ठरवावं.

आणि रोजगारच बघायचा असेल तर नव्या घरामागे का लागता? रामबाग, नारायणबागेतल्या जुन्या घराची दुरुस्ती, वॉटरप्रूफिंग, रंग यांत खर्चाचा निम्म्याच्या आसपास भाग मजुरीत जातो.

मोजवही
दुरुस्तीचं मान्य. फक्त ते काम अकुशल हाताला कमी पोचतं, रंगारी आणि प्लंबरला जास्त.

वेळेबद्दल एक राहिलं, कारण मजूर-दिवस वाया जातात ते तिथेच. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी निघतात, सहा मीटरपर्यंतच्या बीमचे १४ दिवसांनी. हे ओपीसी (साध्या पोर्टलँड) सिमेंटचं गणित. दुकानात मिळतं ते बहुतेक पीपीसी (राख मिसळलेलं), त्याला आणखी थांबा; क्युरिंगही (पाणी मारणं) ७ ऐवजी निदान १० दिवस. मग एवढे दिवस टोळी काय करणार? म्हणून होळीआधी भगोरियाला (आदिवासी भागातली जत्रा) मंडळी गावी जातात त्याच्या दोन-तीन दिवस अलीकडे स्लॅब ओतावा. पाणी मारायला एक माणूस ठेवायचा, बाकीचे निश्चिंत जाऊन येतात आणि सेंट्रिंग हलवायची घाई कुणाला नसते. पेरणीच्या वेळी मात्र हे जमत नाही, तेव्हा लोक लवकर परतत नाहीत.

सुदामानगर_२०बाय५०
आभार. आणखी एक: बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठीचा १ टक्का सेस (उपकर) या घराला लागतो का?

लोहामंडीचा_वाटसरू
सेस बांधकामाच्या खर्चावर, जमिनीची किंमत सोडून. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात स्वतः राहण्याच्या घराला १० लाखांपर्यंतच सूट होती, म्हणजे या घराला १८ हजार बसले असते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ती मर्यादा ५० लाख आहे. नकाशा पास करताना निगमच्या (महापालिकेच्या) पावतीत सेसची ओळ बघा आणि लावला असेल तर कोणत्या आधाराने ते विचारा.

मजुराच्या बाजूने उलटं आहे. कामगार कल्याण मंडळात नाव घालायला वय १८ ते ६० आणि मागच्या १२ महिन्यांत ९० दिवसांचं काम दाखवावं लागतं. एका घरात त्याला मिळतात आठ-दहा दिवस. म्हणून टोळीतल्या प्रत्येकाला तारखा आणि कामाचा प्रकार लिहून, सही करून चिठ्ठी द्या. सेस लागो वा न लागो.