टाकी भरल्याची सूचना देणारा बजर थांबत नाही: दोष कुठे शोधावा?

प्रश्न (औसा तालुका, जि. लातूर)

नमस्कार. मी बारावीपर्यंत विज्ञान शिकलो, नंतर घरच्या किराणा दुकानात बसलो आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकण्याची इच्छा पंधरा वर्षे तशीच राहून गेली. गेल्या दिवाळीत ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता भाग जोडून पाहण्याची पाटी), मल्टिमीटर आणि काही सुटे भाग मागवून सुरुवात केली. आमच्या भागात पाण्याचे मोल वेगळे सांगायला नको. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. माळवदावरची टाकी भरून वाहू लागली की जीव तुटतो, म्हणून पहिले उपकरण टाकी भरल्याची सूचना देणारेच करायचे ठरवले.

रचना साधी आहे. ९ व्होल्टच्या बॅटरीच्या धन टोकापासून एक वायर टाकीच्या तळाशी जाते. दुसरी वायर टाकीच्या काठापासून येऊन १० किलो-ओहमच्या रेझिस्टरमधून बीसी ५४७ या ट्रान्झिस्टरच्या बेसला मिळते (बेसमध्ये थोडा प्रवाह गेला की कलेक्टर ते एमिटर वाट उघडते आणि बजर वाजतो). एमिटर ऋण टोकाला जोडला आहे, तर बजर धन टोक आणि कलेक्टर यांच्यामध्ये आहे. घरात पाण्याच्या पेल्यात हे उत्तम चालले. टाकीवर मात्र बारा मीटर वायर ओढल्यावर दोन अडचणी आल्या. बोअरची मोटार चालू असताना टाकी रिकामी असली तरी बजर बारीक किरकिरतो. आणि एकदा टाकी भरली की पाणी वीतभर खाली गेले तरी तो अर्धा-अर्धा तास वाजत राहतो. दोन्ही वायरी मी एकाच लाकडी पट्टीला टेपने चिकटवल्या आहेत.

बॅटरी सारखी बदलावी लागू नये म्हणून मोबाइलचा जुना चार्जर जोडावा, की एका व्हिडिओत दाखवले तसे फक्त कपॅसिटर लावून थेट २३० व्होल्टवरून काम भागवावे, हेही विचारायचे होते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर (परभणी, दुरुस्तीचे दुकान)

दादा, बजरचे नंतर पाहू, आधी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो: दोन्हींपैकी काहीही करू नका. कपॅसिटर लावून लाइनवरून वीज घेण्याच्या पद्धतीत ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५० हर्ट्झला सुमारे ६,८०० ओहम इतका अडथळा करतो आणि त्यातून ३४ मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह मिळतो. प्रवाह मर्यादित झाला तरी सर्किट लाइनपासून वेगळे होत नाही. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की फेज तुमच्या ऋण टोकावर येतो, आणि तुमची वायर तर घरातील सगळे ज्या पाण्याला हात लावतात त्या पाण्यात बुडालेली आहे. घरात बसवण्याचे आरसीसीबी ३० मिलिअँपिअरची गळती होताच लाइन तोडते, यावरून ३४ मिलिअँपिअर म्हणजे काय ते लक्षात घ्यावे. शिवाय आपल्याकडच्या अनेक जुन्या घरांत आरसीसीबी नाही आणि अर्थिंगही नावापुरतीच आहे.

चार्जरमध्ये २३० व्होल्टची बाजू आणि ५ व्होल्टची बाजू एका छोट्या ट्रान्सफॉर्मरने वेगळ्या ठेवलेल्या असतात. हलक्या प्रतीच्या चार्जरमध्ये ते अंतर आणि ते इन्सुलेशन दोन्ही बेताचेच असतात. ते कधी साथ सोडेल हे बाहेरून दिसत नाही, म्हणून पाण्यात जाणारी वायर चार्जरला जोडायचीच नाही. तुमचा ट्रान्झिस्टर बंद असताना बॅटरीतून जवळजवळ काहीच प्रवाह जात नाही. बॅटरी संपते आहे ती बजर विनाकारण वाजतो म्हणून. तो दोष निघाला की हा प्रश्नही मिटेल. पेन्सिल सेलचे सहा नग एका डबीत बसवले तर चौकोनी बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त दिवस जातील.

हे मी इतके लांबवून लिहितो आहे, कारण शिकाऊ असताना मी एका पॉवर सप्लायचा प्लग काढून निर्धास्तपणे आत हात घातला होता. २३० व्होल्टचे रूपांतर होऊन आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तसेच राहतात, हे मला कोणी सांगितले नव्हते. हात कोपरापर्यंत बधिर झाला होता. छंद म्हणून शिकणाऱ्याने पहिले वर्षभर तरी सेल आणि बॅटरीच्या बाहेर जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बॅटरीवरच्या फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरीसुद्धा फ्यूजशिवाय वापरू नये. तिचा शॉक लागत नाही, पण शॉर्ट झाली तर वायर लाल होऊन वितळते.

आता किरकिर. तुमची वायर मोटारीच्या केबलला लागून गेली असणार. तुमच्या ट्रान्झिस्टरचा बेस पाणी नसताना अधांतरी लोंबकळतो, त्यामुळे केबलमधला ५० हर्ट्झचा प्रभाव लांब वायर पकडते, ट्रान्झिस्टर सेकंदाला ५० वेळा अर्धवट चालू होतो आणि बजर किरकिरतो. बेस आणि एमिटर यांच्यामध्ये २२ किलो-ओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. दोन्ही वायरींना एकमेकींभोवती पीळ द्या आणि त्यांना मोटारीच्या केबलपासून हातभर दूर न्या. पण बदल करण्याआधी एक चाचणी घ्या: मोटार चालू असताना बोर्डाजवळच बेसकडची वायर सोडवा. आवाज थांबला तर दोष वायरीत आहे, नाही थांबला तर बोर्डवर.

दुसरे उत्तर (नांदेड, तंत्रनिकेतनात शिकवते)

वरच्या उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. राहिलेला दोष माझ्या मते त्या लाकडी पट्टीत आहे. पाणी खाली गेले तरी ओली पट्टी दोन वायरींमध्ये पूल बनून राहते आणि ती वाळेपर्यंत बजर वाजतो. मात्र माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवून पट्टी फेकू नका, आधी मोजा. पाणी वीतभर खाली गेलेले असताना दोन्ही वायरी सर्किटपासून सोडवून मल्टिमीटरने त्यांच्यामधला रोध पाहा. पाण्यात आकडा स्थिर राहत नाही, म्हणून अंदाजच घ्यायचा आहे.

त्या आकड्याचा अर्थ असा लावता येईल. ट्रान्झिस्टर चालू होण्यासाठी बेसवर सुमारे ०.७ व्होल्ट लागतात. २२ किलो-ओहमवर ०.७ व्होल्ट येण्यासाठी ३२ मायक्रोअँपिअर प्रवाह हवा. ९ मधून ०.७ वजा केल्यावर उरलेल्या ८.३ व्होल्टला ३२ मायक्रोअँपिअरने भागले की सुमारे २६० किलो-ओहम येतात. म्हणजे ओलाव्याचा रोध याहून बराच जास्त असेल तर नव्या रेझिस्टरमुळेच बजर गप्प बसेल, आणि कमी असेल तर वायरी वेगळ्या कराव्याच लागतील. आकडा आधी कागदावर काढायचा आणि मग मोजायचा, ही सवय लागली की सर्किट चालले नाही तरी त्यातून शिकायला मिळते. माझे अनेक विद्यार्थी किटमागून किट जोडतात, पण एका रेझिस्टरवर किती व्होल्ट येतील असे विचारले की थांबतात.

मल्टिमीटरबाबत एक सूचना: लाल वायर १० अँपिअरच्या छिद्रात राहिलेली असताना व्होल्टेज मोजायला जाऊ नका, कारण त्या वेळी मीटर म्हणजे केवळ एक जाड तारच असते आणि बॅटरी सरळ शॉर्ट होते.

आणखी एक गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पाण्यात उघडी तांब्याची तार किंवा सोल्डरचा सांधा ठेवू नका. धन बाजूची तांब्याची तार हळूहळू झिजून पाण्यात उतरते, आणि साध्या ६०/४० सोल्डरमध्ये ४० टक्के शिसे असते. टाकीतले पाणी पिण्यात येणार असेल तर स्टेनलेस स्टीलचे दोन लांब स्क्रू वापरा आणि वायरीचा सांधा पाण्याच्या वर, झाकणाबाहेर ठेवा.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. वायर सोडवताच किरकिर थांबली, म्हणजे दोष वायरीतच होता. रेझिस्टर आणि कपॅसिटर लावून, वायरी केबलपासून दूर नेल्यावर मोटार चालू असतानाही आवाज येत नाही.

ओल्या पट्टीचा रोध सुमारे १८० किलो-ओहम भरला. ताईंच्या हिशेबाप्रमाणे तो २६० पेक्षा कमी, त्यामुळे बजर वाजतच राहणार असे मी आधीच वहीत लिहून ठेवले आणि खरोखर तसेच झाले. त्या क्षणी झालेला आनंद बजर पहिल्यांदा वाजला तेव्हापेक्षा मोठा होता. आता स्टीलचे दोन स्क्रू झाकणाच्या दोन टोकांना, वेगवेगळ्या आधारावर बसवले आहेत. पाणी खाली जाताच मीटर डाव्या बाजूला नुसता १ दाखवतो, म्हणजे रोध मोजण्यापलीकडे आहे, आणि टाकी भरली की १४ किलो-ओहमच्या आसपास येतो. चार्जर ड्रॉवरमध्ये परत गेला.

यानंतर थेट आर्डुइनो (प्रोग्राम लिहून चालवायचा छोटा बोर्ड) घ्यावा का?

दुसरे उत्तर देणाऱ्या ताई

जरूर घ्या, पण मध्ये महिनाभर ५५५ टायमरला, म्हणजे ठरावीक वेळाने चालू-बंद करणाऱ्या चिपला द्या. हान्स कॅमेंझिंड यांनी १९७१ मध्ये सिग्नेटिक्स कंपनीसाठी आखलेली ही चिप आजही थोडक्या रुपयांत मिळते. १० किलो-ओहम, ६८ किलो-ओहम आणि १० मायक्रोफॅरड हे भाग घेऊन एलईडी लुकलुकवा. सूत्राप्रमाणे सेकंदाला साधारण एकदा लुकलुक यायला हवी. मग फक्त कपॅसिटर बदलून ०.०१ मायक्रोफॅरडचा लावा आणि एलईडीच्या जागी छोटा पिएझो स्पीकर जोडा. कपॅसिटर हजारपट लहान झाल्याने कंपने हजारपट वाढतात आणि सुमारे १,००० हर्ट्झचा स्वर ऐकू येतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर छापलेल्या आणि प्रत्यक्षातल्या मायक्रोफॅरडमध्ये २० टक्क्यांपर्यंत फरक असू शकतो, त्यामुळे लुकलुक हिशेबापेक्षा थोडी हळू किंवा जलद झाली तर जोडणी चुकली असे समजू नका.

एलईडीला ४७० ओहमचा रेझिस्टर लावा. त्याचे पट्टे पिवळा, जांभळा, तपकिरी असे असतात. लाल एलईडी आणि हा रेझिस्टर थेट ९ व्होल्टवर लावला तर सुमारे १५ मिलिअँपिअर जातात, ५५५ च्या पिनवरून मात्र त्याहून कमी. का कमी, ते मोजून इथे लिहा. आर्डुइनोच्या पिनवरून २० मिलिअँपिअरपेक्षा जास्त घेऊ नये, त्यामुळे मोठा बजर वाजवायला तिथेही तुमचा हाच बीसी ५४७ लागेल.