"लढाई अफगाणांच्या रक्तातच आहे" म्हणणाऱ्यांसाठी

रानवारा

परवा इथे एकाने लिहिलं होतं : "अफगाणांना शांतता नकोच असते. रशिया आला, अमेरिका आली, आता तालिबान. त्यांना फरक पडत नाही, लढाई रक्तातच आहे." त्याखाली माना डोलावणाऱ्यांची रांग लागली. वाचून राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा.

ज्याला लढाई हवी असते तो द्राक्षवेल लावत नाही. काबूलच्या उत्तरेला शोमालीचं मैदान आहे. तिथली जुन्या पद्धतीची बाग तारेच्या मांडवावर नसते. मातीचे उंच वरंबे घालतात, वेल वरंब्यावर लोळते आणि मधल्या खोल चरातून पाणी फिरतं. १९९९च्या उन्हाळ्यात तालिबानने या मैदानात वेली तोडून जाळल्या, घरं पेटवली, पाण्याच्या वाटा उद्ध्वस्त केल्या. २००१नंतर माणसं परतली. आधी सुरुंग निघायची वाट पाहिली, मग त्याच चरांत पुन्हा काड्या लावल्या. नव्या वेलीला धड पीक यायला तीन वर्षं जातात. तीन वर्षं हाती काही न येता पाणी देत राहणारा माणूस लढाईची वाट बघत असतो का?

कांगिना बघा, म्हणजे द्राक्षं महिनोन्महिने ताजी ठेवायची मातीची डबी. माती आणि गवताचा भुसा कालवून दोन उथळ वाडगे थापायचे, उन्हात वाळवायचे. एकात किलो-दीड किलो द्राक्षं ठेवायची, दुसरा वर पालथा घालायचा, कड ओल्या मातीने लिंपून टाकायची. द्राक्ष उशिरा तोडलेलं, जाड सालीचं, तायफी जातीसारखं लागतं. एक जरी मणी चिरलेला गेला तरी त्याची ओल आतल्या आत फिरते आणि अख्खा घड नासतो. नीट जमलं तर शरदात बंद केलेलं फळ नौरोजला, म्हणजे नववर्षाला, मार्चच्या एकविसाव्या तारखेला, ताजं निघतं. पाच-सहा महिने पुढचा विचार करून फळ जपणाऱ्यांबद्दल आपण "रक्तात लढाई" म्हणतो.

आणि २०१८चं हेलमंद, दक्षिणेतला प्रांत. मार्चमध्ये तिथल्या लश्करगाह शहरात स्टेडियमबाहेर गाडीचा बॉम्ब फुटला. त्यानंतर सामान्य माणसं तिथेच धरणं धरून बसली, आणि पुढे रमझानचे रोजे ठेवून सुमारे ७०० किलोमीटर चालत काबूलला आली. मुख्य मागणी होती : दोन्ही बाजूंनी बंदुका थांबवा. त्याच जूनमध्ये ईदचे तीन दिवस सरकार आणि तालिबान यांची युद्धबंदी झाली. तालिबानचे लढवय्ये शहरांत आले, सैनिकांना मिठ्या मारल्या, बरोबर फोटो काढले. शांतता नको असलेली माणसं अशी वागतात?

भाऊ_मिरजकर

वेलीचं कौतुक पुरे. अफगाणी किसमिसला दक्षिण आशियाई व्यापार कराराची शुल्कसवलत, आणि तासगाव-सांगलीचा शेतकरी सौद्याला उभा राहिला की व्यापारी तोंडावर सांगतो, "काबुली माल उतरलाय, दर पडला."

इथला खर्च कुणी मांडतं का? चार किलो द्राक्षांतून एक किलो बेदाणा. साखर बावीस ब्रिक्सच्या (रसातल्या गोडीचं माप) वर गेल्याशिवाय घड तोडायचा नाही, नाहीतर मणी पोकळ राहतो आणि वजन भरत नाही. दहा लिटर पाण्यात अडीचशे ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि दीडशे मिली डिपिंग ऑईल, त्यात घड दोन-तीन मिनिटं बुडवायचा, मग शेडच्या जाळ्यांवर बारा-पंधरा दिवस. वर्षातून दोन छाटण्या, त्यांची मजुरी वेगळी. एवढं करून मार्चमध्ये अवकाळी कोसळला की मण्याला बुरशी, रंग काळा, दर निम्मा. अफगाणांना शांतता मिळो, मनापासून मिळो. तिची किंमत मिरज-तासगावच्या शेतकऱ्याने का द्यायची?

सह्याद्री१७६१

पानिपत विसरलात वाटतं सगळे. १४ जानेवारी १७६१. अब्दाली द्राक्षं विकायला आला नव्हता.

ऋतुजा

अब्दालीला बोलावणारा नजीबखान रोहिला उत्तर हिंदुस्थानातलाच सरदार होता, आणि इब्राहिमखान गारदी मराठ्यांकडून लढला. अडीचशे वर्षांपूर्वीच्या राजांचा हिशेब आजच्या शोमालीच्या शेतकऱ्याच्या नावावर लिहू नका. हा विषय माझ्याकडून संपला.

रानवारा, माझा खरा राग तुमच्या लेखावर आहे. एवढं लिहिलंत, त्यात बाई कुठे आहे? सहावीपुढच्या मुलींच्या शाळा २०२१पासून बंद आहेत. २३ मार्च २०२२ला उघडणार म्हणून मुली दप्तर घेऊन आल्या आणि काही तासांत परत पाठवल्या गेल्या. डिसेंबर २०२२मध्ये विद्यापीठं बंद. डिसेंबर २०२४मध्ये नर्सिंग आणि सुईणीच्या प्रशिक्षणाचे वर्गही बंद. याचा सरळ अर्थ घ्या. पुरुष डॉक्टरने बाईला तपासायला आडकाठी, ७२ किलोमीटरपलीकडे घरातल्या पुरुषाशिवाय प्रवास नाही, आणि नवी सुईण तयारच होणार नाही. डोंगरातल्या गावात आडवं मूल आलं तर हात कोण लावणार? बंदूक थांबली म्हणून त्याला शांतता म्हणायला मी तयार नाही.

पाणवठा

ताई, तुमचा राग रास्त आहे, पण बंदूक थांबणं ही किरकोळ गोष्ट नाही. २०२० या एका वर्षात संयुक्त राष्ट्रांनी ३,०३५ नागरिकांचे मृत्यू मोजले. पाण्याची पाळी रात्री दोनला आली तर माणूस फावडं आणि कंदील घेऊन शेतात जातो. त्या काळात फावडं खांद्यावर दिसलं तरी वरून बॉम्ब पडायची भीती, आणि पायाखाली सुरुंग. आज तो पाणी धरायला जाऊ शकतो. गावात बसलेल्याला हा फरक जिवामरणाचा आहे.

शिवाय शांतता करायची रीत त्यांची त्यांच्याकडे आहे. पाटाचं पाणी मीराब वाटतो. त्याला पगार नसतो, सुगीला प्रत्येक घरातून ठरलेला गहू मिळतो. पाणी चोरू दिलं तर पुढच्या वर्षी गाव त्याला बदलतं. वसंतात गाळ काढायला हशर, म्हणजे गावाचं श्रमदान, घरटी एक माणूस, ज्याची जमीन जास्त त्याचे जास्त. भांडण पेटलं तर पश्तून गावात जिरगा, म्हणजे गावपंचायत, आधी तीगा ठेवते. तीगा म्हणजे दगड : ठरलेल्या दिवसापर्यंत कुणी हात उचलायचा नाही. दोन्ही बाजूंकडून मचलगा, म्हणजे पैसे किंवा बंदुका, तारण घेतात. मोडलं तर तारण गेलं. काबूलहून कागद यायच्या आत भांडण थंड होतं.

ऋतुजा

आणि तारण पुरलं नाही की मुलगी देतात. बादचं नाव तुम्ही सोयीस्कर टाळलंत. खुनाच्या बदल्यात सात-आठ वर्षांची पोर शत्रूच्या घरात, आयुष्यभर खुन्याची बहीण म्हणून. २००९च्या कायद्याने तो गुन्हा ठरवला होता, तरी गावोगाव चालूच राहिला. महाराष्ट्राला जातपंचायतीविरुद्ध २०१६मध्ये सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा करावा लागला. इथे पंच नकोत, तिथल्या पंचांचं मात्र कौतुक?

पाणवठा

बाद लिहायला हवं होतं. राहिलं, माझी चूक. पाणी आणि बांध यांच्या भांडणात जिरगा चालते, खुनाच्या आणि बायकांच्या प्रश्नात चालत नाही, इतकं मी मागे येतो. त्यापुढे नाही. मीराब आणि बाद एकाच पोत्यात घालू नका.

रानवारा

ऋतुजाताई, शाळांबद्दल मी लिहिलं नाही ही उणीव आहे.

भाऊ, तुमच्याशी मात्र भांडणार. तुम्ही दोन वेगळे माल एका तराजूत घालताय. कंदाहारचा हिरवा लांब मणी किसमिसखान्यात वाळतो. हातभर जाड मातीच्या भिंती, त्यांत वाऱ्यासाठी उभ्या फटींच्या ओळी, आत लाकडी दांड्यांवर घड टांगलेले. ऊन लागत नाही म्हणून हिरवा रंग टिकतो, पण महिना-दीड महिना लागतो. घाई करून ओला उतरवला तर देठाशी बुरशी धरते. उन्हात जमिनीवर वाळवलेला लाल माल स्वस्त, पण त्यात खडे आणि धूळ, निवडायला माणसं लागतात. आबजोश तिसरा : घड उकळत्या क्षाराच्या पाण्यात क्षणभर बुडवून साल तडकवतात, मग आठवड्याभरात वाळतो.

त्याच भिंतींमागे २०१०च्या सुमारास कंदाहारच्या झारी-पंजवाई भागात तालिबानने मोर्चे धरले, कारण त्या गोळ्या अडवतात, आणि परदेशी फौजांनी कित्येक किसमिसखाने स्फोटकांनी पाडले. शेतकऱ्याचं वाळवणघर दोन्हीकडून गेलं.

उरलेला माल निघायचा तो पाकिस्तान सीमेवरच्या तोरखम किंवा चमन फाटकामार्गे. पाकिस्तान ओलांडून भारताच्या हद्दीत अटारीला ट्रक रिकामा व्हायचा, माल दुसऱ्या गाडीत चढायचा. ऑक्टोबर २०२५मध्ये सीमेवर चकमकी झाल्या, दोन्ही फाटकं बंद झाली आणि ट्रक उभ्याचे उभे राहिले. किसमिस तग धरते, डाळिंब आणि ताजी द्राक्षं सडतात. हा माणूस तुमचा दर पाडायला बसलेला नाही, तो फाटक उघडायची वाट बघत होता.

भाऊ_मिरजकर

हिरव्या लांब मण्याचा गिऱ्हाईक वेगळा, हे मान्य. तो माल सुक्या मेव्याच्या दुकानात जातो, आमचा बराचसा मिठाई-बेकरीला. पण आबजोश आणि लाल माल थेट आमच्या दुय्यम प्रतीला भिडतो, ते तुम्ही घाईने उरकलंत. आणि खोकं बदलून चीनचा माल अफगाणी म्हणून आत येतो, ही तक्रार जुनी आहे. माल आत येतो तिथे तपासणी नीट करा. उगमाचा दाखला आणि मण्याची जात जुळते का बघा, लांबी-रंगावरून जाणकाराला कळतं. खरा कंदाहारी असेल तर माझं भांडण नाही. शुल्क सरसकट लावा असं मी आता म्हणत नाही, एवढं लिहून ठेवा.

सह्याद्री१७६१

विषय शांततेचा होता, बेदाण्याचा बाजार झाला.

पाणवठा

बाजार चालू राहणं हाच तिथल्या निम्म्या शांततेचा अर्थ आहे. माल विकला गेला तर पोरगा शेतात राहतो, नाहीतर इराणला मजुरीला जातो किंवा कुणाची तरी बंदूक उचलतो.

ऋतुजा

आणि पोरगी? देठ काढणं, मणी निवडणं हे काम बायकांच्या हातून होतं. पैसे मोजून घ्यायला बाजारात जातो पुरुष. बाजार उघडा आणि शाळा बंद, ही अर्धी शांतता तुम्हाला चालते, मला नाही. यावर आपलं जुळणार नाही.

पाणवठा

चालते असं नाही. आधी ती टिकू दे, असं म्हणतोय. पण हो, इथे जुळणार नाही.

भाऊ_मिरजकर

रानवारा, एक विचारायचं राहिलं. वरंब्यावर लोळणाऱ्या वेलीचे खालचे घड मातीला टेकून कुजत नाहीत? आपल्याकडे एका पावसात डाऊनी (ओलीने येणारा बुरशीरोग) येऊन बाग बसेल.

रानवारा

टेकलेले कुजतात, तो तोटा गृहीत धरलेला असतो. म्हणून वरंबा उंच आणि तिरका ठेवतात आणि पाणी फक्त चरात सोडतात, माथ्यावर ओल जाऊ देत नाहीत. उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नसतो, त्यामुळे डाऊनीचा जोर आपल्यासारखा नाही. भुरी (पांढरी बुरशी) मात्र येते, गंधक मारावं लागतं. २००१नंतर मदत संस्थांनी खांब-तारेचे मांडव आणले. उत्पादन वाढतं, पण खांब, तार आणि बांधणीची मजुरी आधी घालावी लागते.

भाऊ_मिरजकर

वाय-मांडवाचा खर्च इथेही तोच रडवतो. वरंब्याची उंची किती ठेवतात ते माहीत असेल तर टाका.