चोडणच्या मांगरातील जुनी होडी: प्रकार कसा ओळखावा आणि दुरुस्ती कशी करावी?

चोडणवासी:
गोव्यातील चोडण बेटावरील आमच्या वडिलोपार्जित घरामागच्या मांगरात (सामान ठेवण्याच्या छपरात) एक लाकडी होडी अनेक वर्षे पालथी पडून आहे. लांबी साधारण 22 फूट आहे. तळ एकाच ओंडक्यातून कोरलेला दिसतो आणि त्यावर दोन्ही बाजूंना फळ्या चढवून काठ उंच केला आहे. फळ्यांच्या कडांना ओळीने भोके असून त्यांत काळपट काथ्याचे तुकडे अडकले आहेत. मात्र नाळेकडे (होडीच्या पुढच्या टोकाला) लोखंडी खिळे आहेत आणि त्यांच्याभोवतीचे लाकूड काळे व ठिसूळ झाले आहे. एका काठावर दोन खाचा आहेत. एका कारागिराने बाहेरून फायबरचा (फायबरग्लासचा) थर चढवण्याचा सल्ला दिला आहे. ही होडी कोणत्या प्रकारची असावी आणि ती पुन्हा मांडवी नदीत उतरवता येईल का?

पेडण्याचा सुतार:
आपल्या वर्णनावरून ही काथ्याने शिवलेली होडी आहे असे मला ठामपणे वाटते. अशा बांधणीत फळ्यांच्या सांध्यावर आतून नारळाच्या सोडणाचा थर ठेवून त्यावरून दोरी ओवतात. खिळा नसल्यामुळे होडी लाटेबरोबर थोडी लवते आणि वाळूवर ओढताना फुटत नाही, म्हणून रांपणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या) होड्याही शिवलेल्याच असत. नाळेकडचे खिळे बहुधा नंतरच्या डागडुजीतले आहेत. दोन खाचा उलांडीच्या (होडी कलंडू नये म्हणून बाजूला बांधलेल्या तरंगत्या लाकडाच्या) आडव्या काठ्यांसाठी असाव्यात. समोरच्या काठावर त्यांच्या जोडीची भोके किंवा दोरीचे घर्षण दिसते का, ते पाहावे. आतल्या आडव्या फळीत डोलकाठीसाठी गोल भोक असेल, तर होडीला शीड होते. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील सागरी पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी गोव्यातील शिवलेल्या होड्यांचा अभ्यास केला आहे. छायाचित्रे आणि मापे घेऊन त्यांना अवश्य भेटावे.

नदीकाठचा वाचक:
फायबर मुळीच चढवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. लाकूड पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसते, फायबर तसे करत नाही. दोन्हींमध्ये पाणी अडकते आणि वरून चकचकीत दिसणारी होडी आतून कुजत जाते. शिवणीची भोकेही कायमची बुजतात, म्हणजे जिच्यावरून होडी ओळखता आली तीच खूण नाहीशी होते.

सुरुवात तपासणीने करावी. लाकडी हातोड्याने फळीफळीवर ठोकून आवाज ऐकावा आणि शंका येईल तेथे टोच्या रुतवून पाहावा. खाऱ्या पाण्यातील तेरेडो हा शिंपल्यांच्या कुळातील जीव टाचणीएवढ्या छिद्रातून आत शिरतो आणि आत बोटाएवढे बोगदे पोखरतो, त्यामुळे बाहेरून धड दिसणाऱ्या फळीवर विश्वास ठेवू नये. होडी उन्हात काढू नये. हवेशीर सावलीत सावकाश सुकवावी. लाकडातील ओलावा सुमारे 20 टक्क्यांखाली आला की बुरशीची कूज थांबते. गंजलेले खिळे अलगद काढावेत आणि त्या जागी पुन्हा लोखंड वापरू नये. कुजलेला तेवढाच तुकडा कापून त्याच जातीच्या लाकडाचा, तंतूंची दिशा जुळवून, जोड द्यावा. शेवटी काजूच्या टरफलांचे तेल लावतात. ते कातडी भाजते, म्हणून हातमोजे हवेतच.

चोडणवासी:
आपणा दोघांचे मनापासून आभार. जुना काथ्या तसाच जपायचा असेल, तर होडी पाण्यात उतरवणे चुकीचे ठरेल का?

पेडण्याचा सुतार:
चुकीचे ठरणार नाही. काथ्या हा या होडीचा नेहमीच बदलला जाणारा भाग होता. वापरातल्या होडीची शिवण सैल झाली की लोक ती उसवून नव्याने घालत, फळ्या मात्र त्याच राहत. म्हणून काढलेल्या जुन्या दोरीचे तुकडे, ते कोठून काढले याची नोंद करून, वेगळे ठेवावेत आणि नवी शिवण जुन्याच भोकांतून घालावी. ही कला लोपलेली नाही: आपल्या शेजारच्याच दिवाडी बेटावर नौदलाचे कौंडिण्य हे शिवलेले जहाज बांधले गेले आणि मे 2025 मध्ये कारवार येथे ते नौदलात दाखल झाले. तेथील शिवणकाम करणारे कारागीर केरळचे होते, त्यामुळे आपल्यालाही जाणकार हात शोधावे लागतील. तळाच्या ओंडक्यात पोकळ आवाज आला, तर मात्र होडी पाण्यात नेऊ नये. ती छपराखाली, भक्कम आधारांवर ठेवावी. ओंडका शाबूत असेल, तर शिवण झाल्यावर होडी लगेच प्रवाहात सोडण्याऐवजी काठाजवळच्या उथळ पाण्यात काही दिवस बांधून ठेवावी, म्हणजे फळ्या फुगून सांधे आपोआप घट्ट होतील.