आतून तापतं, पण सारखं तापतंच असं नाही
"मायक्रोवेव्ह आतून तापवतो, म्हणून क्युअरिंग (इपॉक्सी रेझिन, म्हणजे चिकट राळ, तापवून कडक करणं) सगळीकडे सारखं होतं" हे म्हणणं मला अर्धंच पटलं. जाड काच-इपॉक्सी लॅमिनेटमध्ये (काचतंतूंचे थर इपॉक्सीने जोडलेला पत्रा) उष्णता आत झिरपायची वाट बघावी लागत नाही, हे खरं. पण २.४५ गिगाहर्ट्झला तरंगलांबी साधारण १२ सेंटीमीटर; मायक्रोवेव्हच्या पेटीत स्थिर लहरी (भिंतींवरून परतून एकमेकींत मिसळल्याने जागच्या जागी राहणाऱ्या) उभ्या राहिल्या की अंदाजे ६-६ सेंटीमीटरवर गरम जागा तयार होतात. माझा पहिला तुकडा बाहेर काढला तर मधोमध तपकिरी डाग, आणि कडेला रेझिन बोटाला चिकटतंय! तापलेलं रेझिन सहसा आणखी ऊर्जा शोषतं, त्यात क्युअरिंगची स्वतःची उष्णता. डाग एकदा धरला की आवरत नाही.

आणि तापमानासाठी साधा थर्मोकपल (धातूच्या तारांचा तापमापक) आत खुपसू नका. मी खुपसला होता, ठिणग्या उडाल्या. त्यापेक्षा फायबर ऑप्टिक प्रोब (धातूऐवजी काचतंतूतून प्रकाशाने तापमान मोजणारा) वापरा.