स्ट्रोकनंतर व्यायाम नक्की कधी सुरू करायचा? घरात दोन तट पडलेत

धायरीकर:
बाबांना (६७) मंगळवारी पहाटे स्ट्रोक आला, गुठळीचा. उजवा हात-पाय हलत नाही, बोलणं जड झालंय. आज तिसरा दिवस. फिजिओ येते, दहा मिनिटं पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवते आणि जाते, बास. आणि आमचे काका रोज येऊन म्हणतात चालवा त्याला, पडून राहिला तर कायमचा आडवा होईल. काल तर त्यांनी बाबांना काखेत हात घालून उभंच करायला घेतलं, सिस्टर ओरडली. आपण वेळ घालवतोय का खरंच?

फिजिओताई:
नाही घालवत. याच प्रश्नावर ॲव्हर्ट नावाची मोठी ट्रायल झालीये, २०१५ ला लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये आली, पाच देश, २१०४ पेशंट. एका गटाला २४ तासांच्या आत उठवून जास्त वेळा, जास्त वेळ हालचाल करवली, दुसऱ्याला नेहमीसारखी. तीन महिन्यांनी चांगले सावरलेले पहिल्यात ४६ टक्के, दुसऱ्यात ५०. म्हणजे घाई केलेलेच मागे! पण म्हणून झोपवून ठेवा असं नाही हां, दुसऱ्या गटातलेही बरेच जण पहिल्या दिवसातच उठले होते, फक्त बेताने. नंतर त्याच आकड्यांवरून दिसलं की थोडं थोडं आणि वरचेवर केलेलं बरं. तेव्हा दहा मिनिटं कमी वाटत असतील तर दिवसातून अजून एकदा याल का विचारा, बीपी वगैरे बघून त्या ठरवतील.
आणि काखेत हात घालून ओढणं आजच बंद! लुळ्या हाताचा खांदा निखळतो, मग हात परत आला तरी दुखण्यामुळे पेशंट तो वापरतच नाही.

सदाशिवपेठी:
आमच्या आईचं उलटं झालं. दवाखान्यात सगळे धावत होते, घरी आल्यावर दीड महिन्यात फिजिओ बंद केला कारण ती काठी घेऊन संडासपर्यंत जायला लागली, आम्हाला वाटलं जिंकलो. हात तसाच राहिला. आता दोन वर्षांनी डाव्या हाताने पोळी लाटायला बघते, पोळपाट फिरतो नुसता. कोणी कबुतराचं तेल आणायला सांगेल, आम्ही आणलं होतं, वासाशिवाय काही मिळालं नाही.

फिजिओताई:
हेच सांगणार होते. २०२१ मध्ये ७२ पेशंटवर छोटा अभ्यास झाला, हाताचा २० तास जादा व्यायाम वेगवेगळ्या वेळी दिला. सगळ्यात जास्त फायदा दोन ते तीन महिन्यांच्या टप्प्यात दिसला, सहा महिन्यांनंतर दिलेल्यांत तसा दिसला नाही. अभ्यास छोटा आहे, पण त्या टप्प्यात थांबू नका एवढं नक्की. डिस्चार्जच्या आधीच घरी येणारा फिजिओ ठरवा.

धायरीकर:
काकांना वाचून दाखवलं. "ते परदेशातलं" म्हणाले, पण खांद्याचं ऐकून गप्प झाले. आत्ता बाबांच्या उजव्या हाताखालची उशी सरळ करत बसलेत, तिसऱ्यांदा.